काबूलला गेलेले

अफगाण चर्च बघायला जायचे, असे आमच्या घरात तीन वर्षांपासून ठरत होते आणि दर वेळी काहीतरी आडवे येत होते. एकदा अब्बांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, एकदा लेकीची परीक्षा, एकदा नुसताच आळस. अखेर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी आम्ही मुंब्र्याहून लोकल पकडली. अब्बा, नववीतली लेक आणि आम्ही दोघे. निघताना शेजारच्या खालाजानने विचारलेच, "मुंबईला चाललात तर हाजी अलीला जा, माहीमला जा. चर्चमध्ये काय ठेवलंय?"

चर्चमध्ये काय ठेवले आहे हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच की आमच्या खानदानातला एक माणूस अफगाणिस्तानच्या लढाईवर गेला आणि परत आला नाही, आणि त्या लढाईत मेलेल्यांच्या आठवणीसाठी इंग्रजांनी मुंबईत एक चर्च बांधले आहे.

आमचे मूळ गाव दापोलीकडचे. दापोलीला जुनी माणसे अजून 'कॅम्प' म्हणतात, कारण कंपनी सरकारची तिथे छावणी होती. कोकणातून कंपनीच्या मुंबई फौजेत पुष्कळ भरती होत असे. मराठे होते, महार होते, बेने इस्राएल म्हणजे शनिवार तेली होते आणि मुसलमानही होते. शिपायाला महिना सात रुपये पगार. डोंगरउतारावरच्या नाचणीवर जगणाऱ्या घराला सात रुपये म्हणजे काय, हे आज सांगून कळणार नाही. अब्बांच्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ त्या सात रुपयांसाठी गेले.

दादी हयात होती तेव्हा शब-ए-बरातच्या रात्री ती मरहूमांची नावे एकेक करून घ्यायची आणि प्रत्येकासाठी मगफिरतची दुआ मागायची. नावांची यादी लांबलचक होती, ती तिला तोंडपाठ होती. शेवटी ती म्हणायची, "आणि काबूलला गेलेले." मग हात तोंडावरून फिरवायची. लहानपणी आम्हाला वाटायचे, काबूल हे मुंबईसारखेच एखादे नोकरीचे ठिकाण असावे.

सीएसएमटीला उतरून बस घेतली. कंडक्टरने विचारले, "आर.सी. चर्च का अफगाण चर्च?" कुलाब्याच्या टोकाला ही दोन वेगळी चर्चे आणि दोन वेगळे थांबे आहेत. नवखा माणूस हमखास चुकतो. वाचकांपैकी कुणी गेलेच तर हे ध्यानात ठेवावे.

बसमधून उतरताच झाडांच्या वर मनोरा दिसतो. १९८ फूट उंच, वर निमुळता होत गेलेला. सरकारने जमीन दिली ती एका अटीवर, की मनोरा इतका उंच हवा की बंदरात येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसावा. म्हणजे गेलेल्यांची आठवण आणि खलाशांची खूण, अशी दोन्ही कामे एकाच मनोऱ्याकडे. कुलाबा पूर्वी वेगळे बेट होते. १८३८ मध्ये भराव आणि रस्ता करून ते मुंबईला जोडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या पलटणी अफगाणिस्तानच्या मोहिमेवर रवाना झाल्या.

ही मोहीम कशासाठी होती ते थोडक्यात सांगायला हवे. रशिया मध्य आशियातून हिंदुस्थानावर येईल अशी इंग्रजांना धास्ती होती. काबूलचे अमीर दोस्त मुहम्मद खान आपल्या हातात नाहीत, म्हणून गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांनी त्यांना हटवून शाह शुजाला गादीवर बसवायचे ठरवले. हे शाह शुजा कित्येक वर्षे लुधियान्यात इंग्रजांच्या पेन्शनवर राहत होते. मुंबईची फौज सर जॉन कीन यांच्या हाताखाली जहाजांनी सिंधच्या किनाऱ्यावर उतरली, बोलन खिंडीतून कंदाहारला गेली. २३ जुलै १८३९ ला गझनीचा किल्ला पडला, ऑगस्टमध्ये शाह शुजा काबूलमध्ये बसले. मुंबईच्या बऱ्याच पलटणी त्याच वर्षी मागे फिरल्या आणि वाटेत त्यांनी कलात घेतले. तिथले मीर मेहराब खान लढताना मारले गेले.

खरा हाहाकार त्यानंतरचा. १८४१ च्या नोव्हेंबरात काबूल उठले. ६ जानेवारी १८४२ ला भर बर्फात इंग्रजी फौज काबूलहून जलालाबादकडे निघाली. साडेचार हजारांच्या आसपास सैनिक, त्यात गोरे सुमारे सातशेच, बाकी सगळे हिंदुस्थानी. आणि त्यांच्यामागे बारा हजार बाजारबुणगे. भिश्ती, धोबी, आचारी, उंटवाले, त्यांच्या बायका, त्यांची मुले. आठवड्याभरात ही फौज संपली. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन नावाचा एक घायाळ माणूस थकलेल्या घोड्यावर जलालाबादला पोहोचला.

'सोळा हजारांतून एकच वाचला' हे वाक्य आपण पुष्कळ ठिकाणी वाचतो. ते खरे नाही. काही गोरे अधिकारी आणि मडमा ओलीस म्हणून जिवंत राहिल्या आणि पुढे सुटल्या. कितीतरी शिपाई आणि नोकर-चाकर हिमाने हातपाय झडलेल्या अवस्थेत काबूलच्या गल्ल्यांत भीक मागत जगले, काही गुलाम म्हणून विकले गेले. एकच वाचला असे म्हणताना ही माणसे मोजायची कुणाला गरज वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच वर्षी इंग्रज फौज पुन्हा काबूलमध्ये गेली आणि सूड म्हणून तिथला चार छत्ता नावाचा मोठा छतबंद बाजार उडवून दिला. मग इंग्रज निघून गेले आणि दोस्त मुहम्मद पुन्हा गादीवर आले. ज्यांना हटवायला एवढे केले, तेच.

चर्चच्या आवारात दुपारच्या आधीची शांतता होती. बाहेरून दगड फिकट, पिवळट-करडा. नक्षीचा सोस नाही. दरवाज्याशी अब्बा थबकले आणि त्यांनी चपला काढल्या. राखणदार म्हणाला, "चाचा, चपला घालून चला, इथे चालतं." अब्बांनी मान हलवली आणि चपला तिथेच कडेला ठेवून अनवाणी आत गेले. आम्ही त्यांच्याकडे बघून विचारात पडलो, मग आम्हीही काढल्या. चर्चमध्ये पाऊल ठेवावे की नाही, ही शंका त्यांना नव्हती. सूरह हजमध्ये ज्या ठिकाणी अल्लाहचे नाव घेतले जाते त्यांत मशिदींबरोबर चर्चांचाही उल्लेख आहे, हे त्यांनी खालाजानला सकाळीच ऐकवले होते.

आत गेल्यावर पहिल्यांदा लागतो तो गारवा आणि मग वर जाणारी नजर. दोन्ही बाजूंना दगडी खांब, खांबांवर टोकदार कमानी, आणि त्यांच्या वर लाकडी छत. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या टोकाला रंगीत काचेच्या मोठ्या खिडक्या आहेत. त्या विल्यम वेल्स या इंग्लंडमधल्या कारागिराने केल्या. ऊन फिरले की लाल-निळे तुकडे फरशीवर सरकत जातात. फरशीसुद्धा इंग्लंडहून आलेली, भौमितिक आकृत्यांची. ती, लाकडी बाके, जाळीदार पडदा आणि वेदीमागची सजावट यांचे आराखडे विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुकाराचे. लेक त्या फरशीवर बसली आणि वहीत चौकोन-त्रिकोण काढू लागली. "हे आपल्या मशिदीतल्या नक्षीसारखंच आहे की," ती म्हणाली.

तिचे म्हणणे तितकेसे चुकीचे नाही. या बांधणीला गॉथिक म्हणतात आणि टोकदार कमान ही तिची ओळख. युरोपात ही शैली बाराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाली. कैरोची इब्न तुलूनची मशीद ८७९ ची आहे आणि तिच्यात टोकदार कमानींच्या रांगाच्या रांगा आहेत. लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारे क्रिस्टोफर रेन यांनी तर गॉथिक शैलीला सरळ अरबांची शैली म्हटले होते. आता यावरून 'सगळे आमच्याकडूनच घेतले' असे म्हणून छाती फुगवायची आपल्याकडे सवय आहे. ती आम्हाला पसंत नाही. कमान एका हातातून दुसऱ्या हातात गेली, प्रत्येकाने तिचे आपापले काही केले. विजापूरच्या जामा मशिदीतली कमान बघताना मन आडवे पसरते. इथली कमान माणसाला उभे ताणते.

भाषेचा मास्तर असल्यामुळे आम्हाला आणखी एक गंमत सुचली. उर्दूत चर्चला दोन शब्द आहेत, कलीसा आणि गिरजा. गिरजा आला पोर्तुगीज भाषेतून, आपल्या वसईकडे आणि गोव्यात म्हणतात त्या इगर्जीचाच तो भाऊ. कलीसा आला ग्रीकमधून. आणि पोर्तुगीज शब्दाचे मूळही तोच ग्रीक शब्द. एकाच घरातले दोघे वेगवेगळ्या वाटांनी उर्दूत येऊन भेटले. लेकीने हे वहीत उतरवले नाही, अब्बांनी मात्र दोनदा सांगायला लावले.

इमारतीचा इतिहास असा. आधी कुलाब्यात छावणीसाठी गवताने शाकारलेले एक छोटे प्रार्थनाघर होते. लढाईनंतर तिथे पक्के चर्च बांधून ते मेलेल्यांचे स्मारक करावे असे ठरले आणि वर्गणी सुरू झाली. गिल्बर्ट स्कॉट या बड्या वास्तुकाराचा आराखडा आला, तो खर्चिक म्हणून बाजूला पडला. शेवटी काम आले हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे. हे शहराचे इंजिनिअर. पुढे १८६० मध्ये मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते विहार तलावातून, आणि ती योजना आखणारेही हेच कॉनिबेअर. आम्हाला विचाराल तर चर्चपेक्षा ते काम मोठे, पण ते बघायला कुणी जात नाही.

पायाचा दगड ४ डिसेंबर १८४७ ला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते बसला. दहा वर्षे काम चालले. ७ जानेवारी १८५८ ला बिशप हार्डिंग यांनी चर्चचे विधिवत उद्घाटन केले. मनोऱ्याचे काम मात्र पैशांअभावी रखडले. त्यासाठी पारशी शेठ कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी ७,५०० रुपये दिले. १० जून १८६५ ला मनोरा पुरा झाला तोवर खर्च साडेपाच लाखांच्या वर गेला होता. तीनच आठवड्यांनी, १ जुलैला, कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार कोसळला. मनोरा आणखी महिनाभर लांबला असता तर तो अर्धाच राहिला असता असे वाटते. मनोऱ्यातल्या घंटा नंतरच्या, १९०४ मध्ये इंग्लंडच्या टेलर कारखान्यातून आलेल्या.

उद्घाटनाच्या तारखेपाशी आम्ही अडखळलो. जानेवारी १८५८. दिल्ली पडली होती, लखनऊकडे लढाई चालू होती. इथे घंटा-प्रार्थना झाली त्यानंतर वीस दिवसांनी, २७ जानेवारीला, लाल किल्ल्यात बहादूरशाह जफर यांच्यावर खटला उभा राहिला. म्हणजे एका लढाईतल्या मृतांचे स्मारक दुसऱ्या लढाईच्या धुरात खुले झाले. बाकांना बंदुका टेकवून ठेवायच्या खाचा आहेत, त्या राखणदाराने दाखवल्या. मेरठचा उठाव रविवारी, गोरे लोक चर्चला निघायच्या वेळी झाला, ही गोष्ट त्या काळी कोणी विसरलेले नव्हते. लेकीने खाचेत पेन्सिल उभी करून पाहिली.

वेदीकडच्या भागात भिंतींवर नावे आहेत. त्यासाठीच आम्ही आलो होतो. अब्बांना इंग्रजी येत नाही. लेक एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. कॅप्टन, लेफ्टनंट, मेजर, पुन्हा लेफ्टनंट. अब्बा चष्मा पुसून तिच्यामागे उभे. बरीच नावे झाली, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "बेटा, सगळे साहेबच का?"

सगळे साहेबच. लेखात तसे लिहूनच ठेवले आहे. त्याचा मजकूर आम्ही अब्बांना मराठीत समजावून सांगितला: हे चर्च त्या अधिकाऱ्यांच्या आठवणीसाठी आहे ज्यांची नावे इथे भिंतीवर आहेत, आणि त्या हवालदार-शिपायांच्या आठवणीसाठीही आहे जे सिंध आणि अफगाणिस्तानात तलवारीने किंवा आजाराने गेले, पण ज्यांची संख्या इतकी की नावे नोंदता येऊ नयेत.

"म्हणजे आपले त्यात आहेत," अब्बा म्हणाले.

"आहेत, पण नाव नाही."

आम्ही थोडे चिडलेलो होतो, खरे सांगायचे तर. भिंतीवर जागा भरपूर आहे. बिनकामाच्या नक्षीला जागा मिळाली ती वेगळीच. शिवाय त्या लेखातले 'सिंध' मनात टोचत होते. १८४३ मध्ये मियाणीच्या लढाईत चार्ल्स नेपियर यांनी तालपूर मीरांचा पराभव केला आणि सिंध कंपनीच्या राज्याला जोडला. मीरांना कैद करून मुंबईला आणले, पुढे पुण्याकडे ठेवले. खैरपूरचे म्हातारे मीर रुस्तम खान कैदेतच पुण्यात वारले, आपल्या मुलखापासून इतक्या दूर. त्यांच्यासाठी कुणी मनोरा बांधला नाही. गझनीच्या दरवाज्यात मेलेल्यांसाठी नाही, कलातच्या लोकांसाठी नाही.

आणि मग आमच्या घरातले ते? ते त्या दरवाज्याच्या कुठल्या बाजूला होते हे काही लपून नाही. ते कंपनीच्या बाजूने होते. अफगाण त्यांच्यासारखेच कलमा पढणारे, त्यांच्याच दिशेने तोंड करून नमाज पढणारे, आणि यांच्या हातात कंपनीची बंदूक. अब्बांच्या तोंडून ही गोष्ट आम्ही दोन प्रकारे ऐकली आहे. पाहुण्यांसमोर ते म्हणत, "आमच्याकडचा माणूस काबूलपर्यंत गेला होता." घरात एकटे असताना म्हणत, "पोटासाठी गेला बिचारा. अल्लाह माफ करो." यातले कुठले खरे, हे आम्ही इतकी वर्षे शिकवूनही सांगू शकत नाही. शाळेत मुलांनी विचारले असते तर आम्ही काहीतरी उत्तर जुळवले असते.

आम्ही भिंतीवर राग काढत असतानाच लेकीने वहीतून मान वर केली. "अब्बू, पण त्यांचं नाव काय होतं? भिंतीवर असतं तरी आपण कुठलं नाव शोधणार होतो?"

आम्ही अब्बांकडे पाहिले. अब्बा खिडकीकडे बघत होते.

दादीच्या यादीत सगळ्यांची नावे होती. सुपारीच्या वाडीवरून भांडणारे चुलते होते, जन्मतःच गेलेली बाळे होती. यांचे मात्र नाव नव्हते, ते नुसते 'काबूलला गेलेले'. दादीच्या सासूनेही तसेच म्हटले असेल, तिच्या सासूनेही. केव्हातरी कुणीतरी पहिल्यांदा नाव गाळले. रडू येऊ नये म्हणून की लाज वाटली म्हणून, ते आता कोण सांगणार? इंग्रजांनी नाव लिहिले नाही म्हणून तक्रार करायला आम्ही ज्या भिंतीसमोर उभे होतो, तीच ओळ आमच्या घरातही चालत आली होती.

बाहेर आलो तेव्हा जोहरची वेळ होत होती. राखणदार भला माणूस, म्हणाला, व्हरांड्यात सावली आहे, तिथे पढा. अब्बांनी त्याचे आभार मानले आणि नको म्हणाले. हजरत उमर जेरुसलेमला गेले तेव्हा तिथल्या चर्चमध्ये नमाज पढायची विनंती त्यांनी नाकारली होती, कारण उद्या लोक तेवढ्यावरून जागेवर हक्क सांगतील, ही रिवायत त्यांनी चपला घालता घालता राखणदाराला सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली. मग आम्ही बाजाराकडे चालत येऊन मशीद गाठली. अब्बांचे हात दुआसाठी बराच वेळ वर होते. काय मागितले ते आम्ही विचारले नाही.

परतीच्या लोकलमध्ये जागा मिळाली. अब्बांनी लेकीला वही काढायला लावली आणि नावे सांगायला सुरुवात केली. आपले, आपल्या वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे. भायखळा जाईपर्यंत सहा पिढ्या झाल्या. मग लेकीने विचारले, "आणि यांच्या आया?" अब्बांनी आपल्या आजीपर्यंत सांगितले. त्याच्या मागे त्यांना एकही नाव येईना. ते दोन-तीन स्टेशने आठवत राहिले. लेक पेन्सिल धरून थांबली.

ठाणे गेल्यावर अब्बांनी गावी चुलतभावाला फोन लावला. पारसिकच्या बोगद्यात तो दोनदा कटला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा त्यांनी ओरडून विचारले, "काबूलला गेलेले आपले, त्यांचं नाव काय रे होतं?" पलीकडून काही वेळ काहीच आले नाही. मग चुलते म्हणाले, की जमातीच्या जुन्या दफ्तरात काही कागद आहेत, वाळवी लागलेले, मोडीतले. वाचणारा कुणी मिळाला तर बघून कळवतो.

अजून कळवलेले नाही. अब्बा दर जुम्म्याला विचारतात, फोन आला का?